दर महिन्याला बेरीज जुळत नाही? आधी सेलच्या पोटात काय आहे ते बघा

बँकेत जमा १,३७,२०० रुपये आणि माझ्या एक्सेलच्या शीटमध्ये १,२९,८५०. आमच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब मी सांभाळते. साठ सदनिका, दरमहा प्रत्येकी २,४५० रुपये. सलग तीन महिने बेरीज अशीच कमी येत होती. दर वेळी मी प्रिंट काढून पेन्सिलीने एकेक नोंद टिक करायचे, दोन-तीन संशयित सेल सापडायचे, त्यांत आकडा पुन्हा टाईप केला की बेरीज जुळायची. पुढच्या महिन्यात तेच.

चौथ्या महिन्यात टिक करायला वेळ मिळाला नाही आणि शीटने दिलेली थकबाकीची यादी मी तशीच फलकावर लावली. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका पासबुक घेऊन आले. आवाज चढवला नाही त्यांनी. फक्त पान उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. "अगं, हे बघ. तीस तारीख, दोन हजार चारशे पन्नास. गेलेत ना माझे पैसे?"

गेले होते. माझ्या शीटमध्येही त्यांच्या सदनिकेसमोर २,४५०.०० स्पष्ट दिसत होतं, तरी शेजारच्या कॉलममध्ये बाकी २,४५० होती. काका समोर बसलेले असताना मी तो सेल निवडला, एफ-२ दाबून आत शिरले आणि एंड दाबलं. कर्सर शेवटच्या शून्याला चिकटून उभा राहायला हवा होता. तो एक घर पुढे उभा राहिला. शून्याच्या पुढे काहीतरी होतं, डोळ्यांना न दिसणारं.

तोवर मी फॉर्म्युले तपासत होते, आणि फॉर्म्युले बरोबर होते. एक्सेल थोडंफार येणाऱ्या माणसांचे, म्हणजे बेरीज, व्हीलुकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारी माहिती शोधून आणणारं फंक्शन), फिल्टर करता येणाऱ्यांचे, बहुतेक घोळ फॉर्म्युल्यात नसतातच असं आता मी ठामपणे सांगू शकते. सेल दाखवतो एक आणि त्याच्या पोटात असतं दुसरं. हे एकदा लक्षात आलं की वरवर वेगळ्या दिसणाऱ्या सात-आठ तक्रारी एकाच कुळातल्या निघतात. (खाली फॉर्म्युल्यांची नावं देवनागरीत लिहिली आहेत, एक्सेलमध्ये ती अर्थातच इंग्रजीत टाईप करायची.)

आकडा दिसतो, पण आकडा नसतो

एक्सेलच्या लेखी सेलमध्ये मुख्यतः दोन प्रकारचा माल असतो: संख्या आणि मजकूर. सम हे फंक्शन रेंजमधल्या फक्त संख्या मोजतं आणि मजकूर निमूटपणे सोडून देतं. एरर येत नाही, लाल खूण नाही, काही नाही. म्हणूनच हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो.

ओळखायच्या तीन खुणा आहेत. पहिली, संख्या आपोआप उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे. पण आपल्याकडे शीट दिसायला नीटनेटकी हवी म्हणून सगळं सेंटर अलाइन करायची सवय असते आणि तिथेच ही खूण पुसली जाते. तपासताना आधी तो कॉलम निवडून अलाइनमेंट काढून टाका. डावीकडे पळालेले सेल लगेच दिसतात.

दुसरी खूण मला सर्वात आवडते. शीर्षक सोडून रकमेचा कॉलम निवडा आणि खिडकीच्या तळाशी उजवीकडे बघा. तिथे 'काउंट' दिसतो. त्या पट्टीवर राइट क्लिक करून 'न्यूमेरिकल काउंट'वरही टिक करून ठेवा. काउंट म्हणजे भरलेले सेल किती, न्यूमेरिकल काउंट म्हणजे त्यातल्या खऱ्या संख्या किती. माझ्याकडे काउंट ५६ होता आणि न्यूमेरिकल काउंट ५३. तीन सेल खोटे. ७,३५० च्या फरकाला २,४५० ने भागलं तरी तीनच येतात. ठरावीक हप्त्याच्या हिशेबात फरकाला हप्त्याने भागून बघायची सवय लावून घ्या, निःशेष भाग गेला की किती नोंदी हरवल्या ते तिथेच कळतं. आणि फरकाला ९ ने भाग जात असेल तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली आहे का ते आधी शोधा. २,४५० चे २,५४० झाले की फरक ९० चा येतो. वहीवर हिशेब लिहिणाऱ्यांची ही जुनी युक्ती एक्सेलमध्येही तितकीच चालते.

तिसरी खूण लांबीची. शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये =लेन(डी२) लिहून खाली ओढा. खरी संख्या २,४५०.०० अशी दिसत असली तरी पोटात २४५० असते, म्हणून उत्तर ४ येतं. तीच रक्कम मजकूर असेल तर स्वल्पविराम, दशांशचिन्ह, शून्यं सगळं मोजलं जातं आणि उत्तर ८ येतं. काकांच्या सेलचं उत्तर ९ आलं.

तो नववा म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, नॉन-ब्रेकिंग स्पेस. वेबपेजवर दोन शब्द वेगळ्या ओळींवर जाऊ नयेत म्हणून ती वापरतात. तिचा क्रमांक १६०, आपण स्पेसबारने देतो त्या साध्या जागेचा क्रमांक ३२. दिसायला दोन्ही सारख्याच. पण ट्रिम हे फंक्शन फक्त ३२ क्रमांकाची जागा काढतं, १६० ला हातही लावत नाही. "ट्रिम लावून पाहिलं, काही फरक पडला नाही" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी ही शंका घ्यावी.

माझ्या तीनच नोंदींत ती का आली, याचं उत्तर शोधायला मात्र मला अर्धा तास लागला. स्टेटमेंटची फाइल मी महिनाअखेरीच्या एक-दोन दिवस आधी उतरवत होते आणि उरलेल्या नोंदी बँकेच्या संकेतस्थळावरच्या पानावरून कॉपी करून खाली चिकटवत होते. फाइलमधून आलेल्या ५३ नोंदी संख्या, पानावरून चिकटवलेल्या ३ मजकूर. दर महिन्याचं पुन्हा टाईप करणं म्हणजे गळक्या नळाखाली बादली बदलणं झालं. नळ वेगळीकडेच होता.

दुरुस्ती करताना आधी काय चालत नाही ते सांगते, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. सेल निवडून फॉरमॅट 'जनरल'चा 'नंबर' केला की आत शिरलेला मजकूर बदलत नाही. फॉरमॅट फक्त दिसणं बदलतो. हिरव्या कोपऱ्याच्या त्रिकोणावर क्लिक करून 'कन्व्हर्ट टू नंबर' किंवा रिकाम्या सेलमधला १ कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून गुणाकार, हे दोन्ही उपाय साध्या मजकूर-संख्येला चालतात. १६० क्रमांकाची जागा चिकटलेली असेल तर तेही थकतात. तिथे शेजारच्या कॉलममध्ये हे लिहा:

=व्हॅल्यू(सबस्टिट्यूट(डी२, कॅर(१६०), ""))

म्हणजे १६० क्रमांकाचं जे असेल ते काढ आणि उरलेल्याची संख्या कर. उत्तरं कॉपी करून 'व्हॅल्यूज' म्हणून मूळ जागी पेस्ट करा. फॉर्म्युला नको असेल तर एफ-२ दाबून सेलमध्ये शिरा, ती अदृश्य जागा तेवढी निवडून कॉपी करा, कंट्रोल-एच उघडा, 'फाइंड व्हॉट'मध्ये ती चिकटवा, 'रिप्लेस विथ' रिकामं ठेवा आणि सगळीकडे बदला. रकमेपुढे जमा-नावेची अक्षरं जोडून येत असतील तर तीही याच खिडकीतून काढता येतात.

तारखा: अर्ध्या डावीकडे, अर्ध्या उजवीकडे

रकमेपेक्षा तारखेचा घोळ जास्त धोकादायक आहे. त्यात काही नोंदी बिघडलेल्या दिसतात आणि बाकीच्या बरोबर वाटतात, पण खरं तर त्या 'बरोबर' वाटणाऱ्याच चुकलेल्या असतात.

एक्सेल तारीख म्हणून एक साधी संख्या साठवतं. १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला, तिथून मोजत १ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८३ आणि १ एप्रिल २०२५ म्हणजे ४५७४८. तारखेच्या सेलचा फॉरमॅट 'जनरल' केला आणि असा पाच अंकी आकडा दिसला तर ती खरी तारीख. काहीच बदललं नाही तर तो मजकूर.

आता समजा संगणकाचं रीजन सेटिंग अमेरिकी आहे, म्हणजे आधी महिना मग दिवस. नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा तसंच असतं. बँकेची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला साधा मजकूर) तुम्ही डबल क्लिक करून उघडली. फाइलमध्ये १३/०४/२०२४ आहे. एक्सेल तेरावा महिना शोधतं, सापडत नाही, म्हणून ते मजकूर म्हणून डावीकडे टाकून देतं. हे दिसतं. पण ०३/०४/२०२४ ही ३ एप्रिलची नोंद मात्र आनंदाने ४ मार्च होते, उजवीकडे सरकते आणि अगदी खऱ्या तारखेसारखी वागते. एप्रिल ते मार्च असं आपलं आर्थिक वर्ष. म्हणजे चालू वर्षातली नोंद थेट मागच्या वर्षात गेली. महिनावार बेरीज घेतली की एप्रिलमध्ये पैसे कमी आणि मार्चमध्ये कुठून तरी जास्त.

लोक इथे डावीकडच्या तारखा दुरुस्त करतात आणि थांबतात. उलट झालेल्या तारखांसाठी एक्सेलच्या 'टेक्स्ट टू कॉलम्स' या सोयीवरही भरवसा ठेवता येत नाही, कारण एक्सेलच्या लेखी त्या आधीच वैध तारखा आहेत. म्हणून अशी फाइल दिसली की ती बंद करा, सेव्ह करू नका आणि मूळ सीएसव्हीपासून पुन्हा सुरुवात करा. या वेळी डबल क्लिक नाही. कोरी वर्कबुक उघडून डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', मग 'ट्रान्सफॉर्म डेटा', तारखेच्या कॉलमच्या नावावर राइट क्लिक, 'चेंज टाइप', त्यात 'यूझिंग लोकॅल' (लोकॅल म्हणजे कोणत्या देशाची पद्धत) आणि तिथे प्रकार 'डेट', भाषा इंग्रजी (भारत). अलीकडच्या एक्सेलमध्ये ही सोय आहेच, वेगळं काही बसवावं लागत नाही. शिवाय विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजी (भारत) करून टाका. त्याचा आणखी एक फायदा, स्वल्पविराम १,००,००० असे लाखाच्या जागी पडायला लागतात. गूगल शीट्समध्ये हेच काम फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकॅल भारत निवडून होतं, पण ते प्रत्येक फाइलला वेगळं करावं लागतं.

सातबाराची डिसेंबरची सात तारीख

तारखेचा उलटा त्रासही आहे: जिथे तारीख नको तिथे ती येते. कोऱ्या सेलमध्ये ७/१२ लिहून एंटर दाबा. भारतीय सेटिंगमध्ये ७ डिसेंबर होतं, अमेरिकीत १२ जुलै. गावाकडे शेतकऱ्यांच्या याद्या करणाऱ्यांना हे रोज सोसावं लागतं. गट नंबर आणि हिस्सा ५/२ लिहिला की ५ फेब्रुवारी, १२/३५ लिहिला की 'डिसेंबर-३५', आणि १४५/२ मात्र तसाच राहतो. एकाच कॉलममध्ये काही गट नंबर, काही तारखा. फॉरमॅट 'टेक्स्ट' करून परत मिळवायला जावं तर पाच अंकी संख्या हातात येते. जे लिहिलं होतं ते गेलेलं असतं.

उपाय लिहिण्याआधीचाच आहे: कॉलम निवडून फॉरमॅट 'टेक्स्ट' करा, मग टाईप करा. एखाद-दुसराच सेल असेल तर आधी एकेरी अवतरणचिन्ह देऊन लिहा. ते छापलं जात नाही. मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या मार्च आणि सप्टेंबरमधल्या तारखा करत होतं. आपल्याला गट नंबर बदलता येत नाहीत, पण कॉलमचा फॉरमॅट येतो.

याच कुळातला तिसरा प्रकार यूपीआयचा. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो आणि जनरल फॉरमॅटमध्ये १२ अंकांपासून पुढची संख्या ४.१२ई+११ अशी दिसायला लागते. सीएसव्ही तशीच पुन्हा सेव्ह केली तर खरोखर तेवढंच उरतं. खाते क्रमांक १६ अंकी असेल तर आणखी वाईट: एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूकता राखतं, सोळावा अंक शून्य होऊन बसतो आणि परत येत नाही. सुरुवातीची शून्यंही अशीच गळतात. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही असा कोणताही क्रमांक मजकूरच ठेवायचा: मोबाइल, पिनकोड, खाते, सदनिका, मीटर. मी हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

व्हीलुकअप शेजाऱ्याची रक्कम आणतं

व्हीलुकअपमध्ये चौथी जागा लिहिलीच नाही तर एक्सेल ती 'ट्रू' धरतं, म्हणजे अंदाजे जुळवणी. नेमकं नाव सापडलं नाही तर त्याच्या आधीचं, जवळचं जे असेल ते उचलतं, आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली नसेल तर काहीही उचलतं. एरर येत नाही. उत्तर येतं, पण दुसऱ्याचं. म्हणून चौथ्या जागी फॉल्स किंवा ० लिहिल्याशिवाय कंस बंद करू नका. त्याच कामाचं नवं फंक्शन एक्सलुकअप मुळातच नेमकी जुळवणी करतं, पण ते एक्सेल २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे. समितीतल्या कुणाकडे २०१६ किंवा २०१९ असेल तर त्यांच्या संगणकावर तुमचा फॉर्म्युला चालणार नाही. आधी विचारून घ्या.

फॉल्स लिहिल्यावर #एन/ए, म्हणजे 'सापडलं नाही', यायला लागतं, आणि ते चांगलं लक्षण आहे, खोटं उत्तर येण्यापेक्षा. मग पाहायचं की १०१ एका शीटमध्ये संख्या आणि दुसऱ्यात मजकूर तर नाही. शोधायचा क्रमांक मजकूर करायचा असेल तर ए२&"" लिहा, संख्या करायची असेल तर ए२*१. फॉर्म्युला वरच्या ओळींत चालतो आणि खाली ओढल्यावर बिघडतो असं असेल तर रेंज सरकते आहे. रेंजवर कर्सर ठेवून एफ-४ दाबा, डॉलरची चिन्हं आली की ती जागेवर थांबते.

पण आमच्यासारख्या हिशेबात व्हीलुकअप मुळात चुकीचं हत्यार आहे, हे मला उशिरा कळलं. ते पहिली जुळणारी नोंद देऊन थांबतं. एखाद्याने हजार आणि चौदाशे पन्नास असे दोन हप्त्यांत पैसे भरले तर त्याचे फक्त हजार दिसतात आणि तो थकबाकीदार ठरतो. 'या सदनिकेचे या महिन्यात एकूण किती आले' हा प्रश्न असेल तर सम-इफ्स वापरा: आधी रकमेचा कॉलम, मग सदनिकेचा कॉलम आणि सदनिका, मग महिन्याचा कॉलम आणि महिना. नाव, मजला, फोन अशी एकदाच असणारी माहिती आणायला व्हीलुकअप ठीक आहे.

आणि जुळवणी कधीही नावावरून करू नका. मराठी नावांवरून तर नाहीच. 'ॲड.'मधलं पहिलं अक्षर दोन प्रकारे लिहिलं जातं. एका कीबोर्डवरून ॲ हे सलग एक अक्षर येतं, त्याचा युनिकोड क्रमांक २४१८. दुसऱ्यावरून अ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे येतात, २३०९ आणि २३७३. ॲ हे सलग अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या याद्यांत दोन तुकडेच सापडतात. पडद्यावर दोन्ही बहुतेक सारखेच दिसतात, पण =लेन एकाला १ म्हणतं आणि दुसऱ्याला २. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली यादी असेल तर प्रश्न आणखी मोठा: तिथे आतमध्ये रोमन अक्षरंच असतात, फॉन्ट मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट बदलून बघा, कचरा दिसला की समजा. अशी यादी आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्याशिवाय कशाशीही जुळणार नाही. आमच्या यादीत आता प्रत्येक सदनिकेला एक ठरलेला क्रमांक आहे, बी-३०४ अशा एकाच पद्धतीने, आणि जुळवणी फक्त त्यावर होते. नाव केवळ वाचण्यासाठी.

टेबल करा, नुसत्या रेघा नकोत

नवीन नोंद ६१ व्या ओळीत गेली आणि बेरीज अजून सी२:सी६० चीच, हा प्रकार टाळायला कंट्रोल-टी आहे. यादीत कुठेही कर्सर ठेवून ते दाबा आणि 'माझ्या टेबलला शीर्षकं आहेत'वर टिक करा. खाली नवी ओळ लिहिली की टेबल स्वतः वाढतं, फॉर्म्युला आपोआप उतरतो आणि त्या कॉलमवर केलेल्या बेरजाही नवी ओळ धरतात. टेबलला 'जमा' असं नाव दिलं की फॉर्म्युल्यात सी२:सी६० ऐवजी 'जमा'तला 'रक्कम' कॉलम असं वाचता येतं. सहा महिन्यांनी खजिनदार बदलला तर त्यालाही कळतं.

त्यासाठी एक आवडती गोष्ट सोडावी लागते: मर्ज केलेले सेल. 'एप्रिल' असं मोठ्या अक्षरात पाच कॉलमांवर पसरलेलं शीर्षक, मध्ये मोकळी ओळ, मग 'मे'. छापायला छान, पण सॉर्ट अडतं, फिल्टर मोकळ्या ओळीपाशी थांबतो आणि टेबल नीट होत नाही. सगळ्या महिन्यांच्या नोंदी एकाखाली एक, महिना हा वेगळा कॉलम. छापायचा तक्ता दुसऱ्या शीटवर.

फिल्टर लावल्यावर बेरीज बदलत नसेल तर ती समने घेतलेली आहे. सम लपलेल्या ओळीही मोजतं. सबटोटल वापरा, पहिल्या जागी ९. हाताने लपवलेल्या ओळीही वगळायच्या असतील तर १०९.

व्याजाच्या कॉलमची बेरीज एक-दोन रुपयांनी चुकत असेल तर तो पैशांचा प्रश्न आहे. आमच्याकडे थकबाकीवर वार्षिक १८ टक्के व्याज. २,४५० वर एका महिन्याचं ३६ रुपये ७५ पैसे होतं. दशांश लपवले की सेलमध्ये ३७ दिसतात. नऊ सदनिकांचे ३७ मोजले तर ३३३, एक्सेलची बेरीज ३३१ दाखवते, कारण आत ३३०.७५ आहेत. पावती ३७ ची फाडणार असाल तर राउंड लावून आतही ३७ च करा.

कधी आकडा बदलूनही उत्तर हलत नाही. फॉर्म्युला मेनूत 'कॅल्क्युलेशन ऑप्शन्स' बघा, 'मॅन्युअल' झालेलं असेल. एक्सेल हा पर्याय त्या वेळी सर्वात आधी उघडलेल्या फाइलकडून घेतं, म्हणून कुणीतरी पाठवलेली मॅन्युअल फाइल आधी उघडली की तुमची चांगली फाइलही गोठते. 'ऑटोमॅटिक' करा.

फाइली

'हिशेब फायनल', 'हिशेब फायनल नवीन', 'हिशेब फायनल नवीन सही केलेला'. मोबाइलवर व्हॉट्सॲपवरून उघडून कुणी दुरुस्ती केली की ती एका वेगळ्याच प्रतीत राहते. आम्ही एकच फाइल सामायिक ड्राइव्हवर ठेवली, व्हॉट्सॲपवर फक्त पीडीएफ जाते. बँकेच्या मूळ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये, नावात आधी वर्ष मग महिना, २०२५-०४ असं, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात. त्या फाइलींना कुणी हात लावायचा नाही, डबल क्लिक करून उघडायचंसुद्धा नाही.

खरा नळ मी तिथे बंद केला. डेटा मेनूत 'गेट डेटा', 'फ्रॉम फाइल', 'फ्रॉम फोल्डर' करून त्या फोल्डरचा पत्ता एकदा दिला. तारखेचं लोकॅल, रकमेचा प्रकार, संदर्भ क्रमांक मजकूर, हे सगळं एकदा ठरवलं. आता महिना संपल्यावर एक तारखेला पूर्ण स्टेटमेंट उतरवायचं, फोल्डरमध्ये टाकायचं आणि 'रिफ्रेश ऑल' दाबायचं. पानावरून कॉपी करून चिकटवणं पूर्ण बंद.

शिवाय 'ताळा' नावाचं एक छोटं शीट केलं. त्यात सुरुवातीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च, त्याखाली बँकेची अखेरची शिल्लक, आणि दोन्हींतला फरक. शेजारी आणखी एक सेल: रकमेच्या कॉलमचा काउंट-ए वजा काउंट, म्हणजे भरलेले सेल वजा खऱ्या संख्या. काका पासबुक घेऊन आले त्या रात्री या दुसऱ्या सेलमध्ये ३ आलं असतं. दोन्ही ठिकाणी शून्य दिसल्याशिवाय आता थकबाकीची यादी फलकावर जात नाही.